भाकड महिन्याची थोरवी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी बोलावयास उभे राहणाऱ्याने शिक्षण, शिष्यवृत्त्या, ज्ञातीची प्रगती किंवा लग्नातील वाढता खर्च यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडील प्रघात आहे. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते येथे बसले आहेत. आम्ही आज पौष महिन्याविषयी चार शब्द बोलणार आहोत. विषय लहान दिसतो खरा. परंतु आपल्या घरांचे स्वास्थ्य त्याच्याशी निगडित आहे आणि मंडळाच्या पुढील वर्षाच्या कार्यक्रमाशीही त्याचा संबंध पोहोचतो, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

आपल्या वर्षाची रचना पाहा. श्रावण लागला की सणांची रांग सुरू होते. गौरी-गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दसरा, दिवाळी असे करीत आपण तुळशीच्या लग्नापर्यंत येतो. तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. मार्गशीर्षात गुरुवारची व्रते, चंपाषष्ठी आणि लग्नसराई एकदम येतात. घरातील पितळी भांडी पुन्हा माळ्यावर चढत नाहीत आणि पाहुण्यांच्या गाद्यांची गुंडाळी होत नाही. मग पौष येतो. या महिन्यात सहसा लग्नाचा मुहूर्त धरीत नाहीत, मुंज करीत नाहीत, नव्या घरात पाऊल ठेवीत नाहीत. म्हणून लोकांनी त्यास नाव दिले ‘भाकड महिना’.

हे नाव उपहासाने दिले असावे, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. भाकड हा शब्द गोठ्यातला आहे. जे जनावर दूध देत नाही ते भाकड. पण जाणता शेतकरी गाभण गाईला वेतापूर्वी सुमारे दोन महिने आपण होऊन आटवतो. धार काढणे बंद करतो, वैरणीत कसर करीत नाही. त्या काळात कासेला विश्रांती मिळते आणि पोटातील वासराचे पोषण होते. लोभाने अखेरपर्यंत धार काढीत राहिले तर पुढल्या वेतास दूध घटते, आणि वासराला मिळणाऱ्या चिकातही कस राहत नाही. तेव्हा गाय भाकड दिसते त्या दिवसांतच तिची पुढली तयारी चाललेली असते. ज्यांनी महिन्याला हे नाव दिले त्यांना गाय ठाऊक होती, हे आपण विसरू नये.

शिवाय हा महिना रिकामाही नाही. सूर्य धनू राशीत असतो तो काळ, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचा, धुंधुरमास म्हणून पाळला जातो. त्याचा बराचसा भाग बहुधा पौषात येतो. उजाडण्यापूर्वी मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवून पहाटेच जेवावयाचे, अशी ही गोड रीत आहे. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरीचे नवरात्र असते. तुळजापुरी ते थाटाने होते, आणि घरोघरी देवीपुढे भाज्यांचा नैवेद्य मांडतात. सोलापूर-मराठवाड्याकडे याच सुमारास ज्वारी हुरड्यावर येते. शेतात आगटी पेटवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजावी आणि तळहातावर चोळून गरम हुरडा तोंडात टाकावा, याहून स्वस्त मेजवानी आम्हांस ठाऊक नाही. दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास वाढू लागतो, तरी सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. मुंबईस तेव्हा सूर्य उगवावयास सव्वासात होतात. निसर्गच जणू म्हणतो, अंमळ सावकाश उठा.

या सर्व गोष्टींचा विशेष असा की त्यांना कार्यालय लागत नाही, पत्रिका लागत नाही, आहेर लागत नाही. त्या घरात होतात आणि घरच्यांसाठीच होतात.

आता मुख्य प्रश्न. ही निवांतता आपल्या घरात नक्की कोणाच्या वाट्यास येते? दिवाळीत कचेरीला सुटी असते. फराळाच्या कढईला नसते. ज्या गृहिणीने श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत पानावर पान वाढले, तिलाच पौषात आपण उन्हात खुर्ची टाकून म्हणणार, “आता जरा तिळाच्या वड्या होऊ द्या.” असा पौष भाकड म्हणावा कसा? ज्या गाईची धार थांबलीच नाही तिची ही गोष्ट झाली. म्हणून आमची पुरुषवर्गास विनंती आहे की, धुंधुरमासातील एका तरी रविवारी पहाटेची खिचडी आपण शिजवावी. मुगाची खिचडी काही अवघड पक्वान्न नव्हे. आणि त्या दिवशी घरातील बाईने जागे व्हावे ते पान वाढल्यावर.

दुसरे, घरातील वृद्धांविषयी. सणासुदीत त्यांच्याभोवती माणसे असतात, पण त्यांच्याशी बोलावयास कोणास सवड नसते. नमस्कार होतो, आशीर्वाद होतो आणि गाडी पुढे जाते. आपले मूळ गाव कोणते, तेथून पहिल्याने शहरात कोण आले, कुलदैवताचे ठिकाण कोठे, कोणत्या जमिनीचा कागद कोणाच्या पेटीत आहे, हे सांगू शकणारी माणसे दर वर्षी थोडी थोडी कमी होत आहेत. एक वही घ्यावी, संध्याकाळी तासभर त्यांच्यापाशी बसावे आणि ते सांगतील ते उतरून घ्यावे. जुनी छायाचित्रे काढून मागे नावे लिहावी. हे काम दिवाळीत होत नाही आणि मे महिन्यातही होत नाही. त्याच वहीच्या शेवटी सणांचा आणि लग्नांचा जमाखर्च पतिपत्नींनी एकत्र बसून मांडावा. पुढल्या वर्षीचे ऋण पुष्कळदा या एका संध्याकाळी टळते.

याच ठिकाणी मंडळाचा संबंध येतो. पौषात लग्ने नसल्यामुळे कार्यालये मोकळी मिळतात आणि भाडेही सवलतीने मिळते. साहजिकच वधूवर मेळावा, क्रीडास्पर्धा, महिला संमेलन आणि सत्कारसमारंभ हे सारे या महिन्यात भरविण्याचा मोह होतो, आणि पुढील वर्षी तसे करावे असा विचार पुढे आलेला आहे. त्यामागील हेतू चांगला आहे. परदेशी असलेली मुले नाताळच्या सुटीत घरी येतात, तेव्हाच ती सर्वांस भेटू शकतात, हे तरुण सभासदांचे म्हणणेही खोटे नाही. परंतु दहा-बारा दिवसांसाठी आलेला मुलगा त्यांतले रविवार आपल्या व्यासपीठासमोर बसून काढील, तर त्याच्या आईला काय उरले?

म्हणून आमची सूचना अशी: परगावच्या व परदेशीच्या मुलांसाठी मंडळाने एक दुपार ठेवावी, तीत हार, भाषणे काही नसावीत. तिळगूळ-हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करता येते, तेव्हा ते माघात घ्यावे, आणि त्यास विधवा भगिनींनाही समान मानाने बोलवावे. वधूवर मेळावाही माघात किंवा फाल्गुनात भरवावा. भाडे थोडे अधिक पडेल. परंतु ज्ञातीचे मंडळ कुटुंबांकरिता आहे; कुटुंबे मंडळाकरिता नाहीत. ज्या घरात माणसे एकमेकांशी बोलतात, त्याच घरातून मंडळाला उद्याचे कार्यकर्ते मिळतील.

वर्षातील अकरा महिने आपण समाजाचे, पाहुण्यांचे आणि देवाधर्माचे देणे देतो. एक महिना घराचे देणे द्यावे. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा सहानुभूतीने विचार करावा, एवढी प्रार्थना आहे.