नोंद कोणी करायची?



‘ग्रंथालय आणि नवे तंत्रज्ञान’ हा विषय आपल्या ग्रंथपालांच्या अधिवेशनांत आता पाहुण्यांच्या सत्काराइतकाच ठरलेला झाला आहे. काळाबरोबर चला, संकेतस्थळ काढा, क्यूआर कोड लावा, असे सांगितले जाते. आपण टाळ्या वाजवतो, आणि सोमवारी देवघेवीच्या टेबलावर तेच दाखल रजिस्टर उघडतो. यात चूक आपल्या आळसाची नाही. तंत्रज्ञान ही बाहेरून आणून बसवायची वस्तू आहे, असे आपल्याला सांगितले गेले, आणि गडबड तिथेच झाली. माझे म्हणणे असे की, मराठी पुस्तकाची वेबवरची नोंद हे ग्रंथपालाचेच काम आहे. ते संगणकवाल्याला जमणार नाही. म्हणून ते तंत्र आपण स्वतः शिकले पाहिजे.

हे बोलायला ठाण्याचा हा परिसर योग्य आहे. ठाण्याचे नगर वाचन मंदिर १८५० चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्यातच १८९३ मध्ये वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय काढले, ते केवळ मराठी पुस्तके गोळा करण्यासाठी. मराठीत छापलेले जपून ठेवले पाहिजे, हा विचार त्या काळी नवा होता. पण नुसते जपून भागत नाही, काय जपले आहे हे सांगताही यावे लागते. ती बाजू शंकर गणेश दाते यांनी सांभाळली. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या काळाचा खंड १९४३ मध्ये आला, आणि १९३८ ते १९५० चा १९६१ मध्ये. मराठी पुस्तकाबद्दल वाद झाला की आजही जाणकार दात्यांकडे बोट दाखवतात. त्या सूचीचे बळ कागदात किंवा छपाईत नव्हते. हा लेखक तोच का, ही आवृत्ती वेगळी की पुनर्मुद्रण, असे निर्णय पुस्तक पाहून घेतले गेले, यात ते होते.

वेबवरची तालिका म्हणजे असेच निर्णय, फक्त आता ते यंत्राला कळतील अशा रीतीने लिहायचे. एक साधी गोष्ट पाहा. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी आणि नंतरही अनेकांनी ‘अ’ टंकून त्यावर चंद्र चढवला, तर काहींनी हिंदी कळफलकावरचा ‘ऍ’ वापरला. यातली पहिली दोन रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी वेगळी असतात. तसेच ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्य’चे. तो दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो, डोळ्यांना फरक कळत नाही. त्यामुळे शोध नीट बांधलेला नसेल तर पुस्तक कपाटात असूनही वाचकाला ‘पुस्तक नाही’ असे उत्तर मिळते. शुद्धलेखनाचा भाग आणखी निराळा. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ते आहेतच. ‘कांहीं’ असे छापलेले शीर्षक ‘काही’ टंकणाऱ्याला सापडावे कसे? मुखपृष्ठावरचे रूप बदलायचे नाही आणि वाचकालाही अडवायचे नाही. तेव्हा मुख्य शीर्षक जसेच्या तसे ठेवून पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात आजचे रूप द्यायचे. मार्क नावाच्या नोंदपद्धतीत या दोहोंचे रकाने ठरलेले आहेत: २४५ आणि २४६. हे दोन आकडे कळायला संगणकाची पदवी लागत नाही. पण २४६ मध्ये काय भरायचे हे ठरवायला मराठी पुस्तके हाताळलेली असावी लागतात.

लेखकांच्या नावांचे तर काय सांगावे! कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर. आपण हे वाचकाला तोंडी सांगतो, इतके सहज की हे ज्ञान आहे याचेही भान राहत नाही. यंत्राला ते कोणीतरी एकदा सांगावे लागते: हे मान्य नाव, ही त्याची इतर रूपे, कुठल्याही रूपाने शोधले तरी सगळी पुस्तके दाखव. हे एका वाचनालयाने नीट केले तर दुसऱ्याने पुन्हा करण्याचे कारण नाही. तरी आज जो तो आपापल्या परीने ‘खानोलकर’ तीन प्रकारे लिहितो आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. तुटपुंज्या अनुदानात हप्त्याची वाट पाहत चालणाऱ्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाने, तिथल्या अर्धवेळ पगारावरच्या ग्रंथपालाने, आणखी काय काय शिकायचे? या प्रश्नाला ‘सेवाभाव’ हे उत्तर देणाऱ्यांनी आधी तो पगार घेऊन दाखवावा. शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत मिळाला पाहिजे, असे मी व्यवस्थापक मंडळांना उद्देशून म्हणतो. मात्र सॉफ्टवेअरच्या किमतीची सबब आता फारशी टिकत नाही. ‘कोहा’ ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातील ग्रंथालयासाठी तयार झाली, जानेवारी २००० मध्ये तिथे सुरू झाली, आणि तेव्हापासून कोणालाही मोफत आहे. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आहे. खर्च येतो तो यंत्राचा, ते सांभाळण्याचा आणि माणसाच्या वेळेचा.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: हे काम एखाद्या कंपनीकडे सोपवा आणि मोकळे व्हा. सोपवायला हरकत नाही, पण मोकळे होता येत नाही. युनिकोड रुळण्याआधी कितीतरी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत टंकला गेला. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यातल्या पुस्तकांच्या याद्या म्हणजे रोमन अक्षरांचा निरर्थक खच. मेहनत झाली होती, पैसेही गेले होते. गेली ती नोंद, कारण ती कोणत्या रूपात साठवली जाते हे विचारणारा माणूस वाचनालयात नव्हता. करार करताना एवढे तरी विचारता आले पाहिजे: आमच्या सगळ्या नोंदी उद्या मार्कच्या रूपात, युनिकोडमध्ये, आमच्या हातात द्याल का? हा प्रश्न ज्याला सुचतो त्याला मी तंत्र शिकलेला ग्रंथपाल म्हणेन. बाकी कळ कुठली दाबायची ते कोणीही दाखवतो.

तिसरा आक्षेप नवा आहे. गूगल आहे, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, ती चुकीचे टंकलेलेही ओळखते, मग हा खटाटोप कशाला? ती ओळखते हे खरे. पण तिचे ओळखणे आधी कोणीतरी वेबवर लिहिलेल्यावर चालते. जुन्या शिळाप्रेसवरच्या ज्या पुस्तकाचे नावच वेबवर कुठे नाही, ते यंत्र शोधणार कसे? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण साजरा केला. त्या अभिजाततेचा बराचसा पुरावा अजून दाखल रजिस्टरांतच आहे. कॉपीराइटची भीतीही इथे आड येऊ नये. पुस्तकाची नोंद करायला कोणाची परवानगी लागत नाही. लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षे उलटलेली पुस्तके तर पूर्णच खुली होतात. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळच्या प्रतीची जतनापुरती डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे.

राहिला प्रश्न वाचकाचा. आपले वाचक ज्येष्ठ, त्यांना संगणक कशाला, असे म्हटले जाते. दुपारी वर्तमानपत्राच्या टेबलावर ज्येष्ठच दिसतात, कारण त्या वेळी बाकीचे वाचक नोकरीच्या ठिकाणी असतात. सकाळच्या लोकलने गेलेला माणूस परततो तेव्हा आपला देवघेव विभाग बंद झालेला असतो. पुस्तक आहे की नाही हे त्याला फोनवर दिसले, राखून ठेवता आले, तर तो शनिवारी येईल. डोंबिवलीत १९८६ पासून खासगी वाचनालय चालवणाऱ्या पुंडलिक पै यांनी पुस्तक घरपोच देऊन या वाचकाला धरून ठेवले. अनुदानित वाचनालयांनी हे काम त्यांच्या एकट्यावर सोडावे असे मला वाटत नाही.

म्हणून दुपारच्या खुल्या सत्रात एक ठराव यावा, अशी सूचना करतो. ठाणे जिल्ह्यातील वाचनालयांनी मिळून मराठी लेखकांच्या मान्य नावांची एकच सूची करावी, ती युनिकोडमध्ये असावी आणि कोणालाही उतरवून घेता यावी. ठाणे आणि कल्याणच्या जुन्या संग्रहांपासून सुरुवात करावी. टोपणनावे आधी घ्यावीत, कारण वाचक तिथेच जास्त अडतो. कामाची वाटणी आडनावाच्या अक्षरांनुसार करावी. तालुक्याच्या वाचनालयांनाही त्यात वाटा असावा, आणि ज्याने नोंद केली त्याचे नाव नोंदीखाली राहावे.