पॅड किती दिवस टिकते?

भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. तेथला विणकर जाणतो, की हातमागाची लाकडी चौकट वर्षानुवर्षे टिकते. आधी तुटते ती पायाखालच्या पट्टीची दोरी. झाडीपट्टीच्या नाटकांत वाजणाऱ्या ऑक्टोपॅडचेही असेच आहे बरं का! वरचे रबर सहसा लवकर फाटत नाही. आधी दगा देते ती वायर, नाही तर रबराखालची, ठोक्याचे विजेच्या इशाऱ्यात रूपांतर करणारी चकती. पायाच्या पेडलाची स्प्रिंगही ढिली पडते.

तबला उतरला, तर वादी ओढून, गट्टे ठोकून तो जागेवरच चढवता येतो. पण रात्रभराच्या प्रयोगात पॅड मुके झाले, तर? दुरुस्ती शहरात, आणि प्रेक्षक पुढ्यात! तेव्हा मंडळींनी आणि शाळेतील गुरुजींनी एवढे सांभाळावे: वायर ओढू नये, पिन धरून काढावी. वाद्य उन्हात, दंवात उघडे टाकू नये. धुळीसाठी वर कापड घालावे. टिपरी बेताने मारावी. एक जादा वायर जवळ असावी.

पॅडचे आयुष्य वर्षांवर नव्हे, ठोक्यांवर आणि निगेवर मोजावे.