निपाणीची तंबाखू आणि संगणकातील रेणू

ज्या तंबाखूच्या दरासाठी १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, त्या तंबाखूतील निकोटीन मेंदूत नेमके काय करते? चेतापेशीच्या आवरणात पाच प्रथिनांचे एक द्वार असते. ॲसिटिलकोलीनसाठी राखलेल्या खाचेत निकोटीन बसते, द्वार उघडते आणि ओढ जडते. क्ष-किरणांनी द्वाराचे स्थिर चित्र मिळते. हालचाल संगणक दाखवतो. प्रत्येक अणूवरील बल मोजून तो सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागात अणू कोठे सरकेल, हे पुनःपुन्हा काढतो. १९७७ साली मॅकॅमन, गेलिन व कार्प्लस यांनी एका लहान प्रथिनाचे चलनवलन प्रथम असे मांडले. व्यसन सोडवणारे व्हॅरेनिक्लीन त्याच खाचेत बसूनही द्वार अर्धवटच का उघडते, हेही असे तपासता येते; अंतिम साक्ष मात्र प्रयोगाची. पीक संसार उभे करते, व्यसन ते मोडते. म्हणून या रेणूची जाण सीमाभागाला हवी.