तेलकट चेहऱ्यावरील कोरडे चट्टे
(वार्षिक सभेतील भाषण)



जमाखर्च आपणांसमोर मांडून झालाच आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; त्वचेचे शास्त्र माझे नव्हे. आज बोलावयाचे आहे ते मीच खोडलेल्या एका नोंदीविषयी.

भिवंडीच्या यंत्रमागांवरील तरुण कामगार आपल्या त्वचारोग विभागात येतात. चेहरा तेलकट, त्यावर मुरुमे, आणि नाकाच्या कडेला व गालांवर मात्र कोंडा सुटल्यासारखे कोरडे चट्टे. घाम, सुताची धूळ व वंगण घालविण्यासाठी ही मुले दिवसातून पाच-पाच वेळा, कधी कपड्यांच्या साबणानेही, तोंड धुतात. तेल गेले की मुरुमे जातील, हा समज. प्रत्यक्षात त्वचेचे वरचे आवरण झिजून ओलावा उडून जातो. तैलग्रंथी आपले काम चालूच ठेवतात. मुरुमांवरील बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापेलीन ही औषधेही आरंभी त्वचा कोरडी करतात. अशा वेळी डॉक्टर औषध एक दिवसाआड लावण्यास सांगतात आणि सोबत तेलविरहित मॉइश्चरायझर लिहून देतात.

हे मॉइश्चरायझर मी मोफत औषधांच्या यादीतून काढले होते. प्रसाधनावर धर्मादाय पैसा कशाला, असा माझा हिशेब. असाच एक मुलगा दोन महिन्यांनी परत आला. मॉइश्चरायझर परवडेना, म्हणून त्याने दुकानातून न विचारता स्वस्त मलम आणले होते. त्यात स्टेरॉइड होते. आरंभी चट्टे विरले, रंगही उजळला. मग कातडी पातळ होऊन लाल झाली, मुरुमे वाढली, मलम सोडताच आग होऊ लागली. १४ स्टेरॉइडांची मलमे केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनुसूची 'एच'मध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ती मिळतात, हे आपण सारेच जाणतो. त्या मुलाच्या उपचारांवर पुढे झालेला खर्च वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट होता.

ती नोंद यादीत पुन्हा घालावी, अशी विश्वस्तांना माझी विनंती आहे. देणगीदारांनी या एका बाबीसाठी हात सैल सोडावा.

नातेवाइकांना दोन गोष्टी सांगतो. तपासणीस येताना घरी लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, सोबत आणावी. आणि फिकट वा लालसर चट्ट्यावर स्पर्श कमी कळत असेल, तर त्यास साधा कोरडेपणा मानून थांबू नये. कुष्ठरोगाची तपासणी त्वरित करून घ्यावी. त्यावरील औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात.