वर्तमानपत्रांच्या टेबलाशी मिळालेला पत्ता

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त अफझलगंज येथे भरलेल्या सभासद-मेळाव्यातील भाषण)



शताब्दीच्या व्यासपीठावरून मराठीच्या प्राध्यापकाने निजामी राजवटीतील ग्रंथालय चळवळीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र घरातील वृद्ध माणसांविषयी आणि त्यांची सेवा करता करता स्वतःच खचून जाणाऱ्यांविषयी बोलणार आहे. हा विषय मी निवडलेला नाही. तीन वर्षे तो माझ्या घरी मुक्कामाला होता.

माझ्या मातोश्री अफझलगंजातच लहानाच्या मोठ्या झाल्या. बाजारात दख्खनी, शेजारी तेलुगू आणि घरात मराठी असा त्यांचा व्यवहार. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठले. आधी तेलुगू गेली, मागोमाग दख्खनी. दिवेलागणीला आई बोचके बांधी आणि म्हणे, "मला घरी पोहोचवा रे." ती घरीच होती. एका संस्थेमार्फत आम्ही सेविका ठेवली. बाई कष्टाळू, पण मराठीचा गंध नाही. एके दुपारी आई 'तहान, तहान' म्हणत राहिली आणि त्या बिचारीने तिच्या अंगावर शाल पांघरली. दोष कोणाला द्यावा?

आपल्याच शहरातील निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यांना आढळले. निरक्षरांतही हा फरक दिसला. हैदराबादी मराठी माणसाने यावर खुशाल अभिमान बाळगावा. परंतु ती साडेचार वर्षे सरली, की पुढचा भार बहुधा घरातील सुनेवर येतो. माझ्या पत्नीची झोप गेली, बोलणे तुटले. मी मात्र प्राध्यापकी सवयीने पुस्तकांत उत्तर धुंडाळीत होतो.

उत्तर मिळाले ते ग्रंथालयातच, पण कपाटात नव्हे, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी. बँकेतून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "सर, १४५६७ ला फोन केलात का?" मी केला नव्हता. ज्येष्ठांसाठीची ही निःशुल्क 'एल्डर लाइन' आज देशभर चालते. तिचा आरंभ मात्र २०१७ साली टाटा ट्रस्ट्स आणि विजयवाहिनी या संस्थांनी आपल्या हैदराबादेत केला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! त्याच गृहस्थांनी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या १९९२ पासूनच्या संस्थेच्या हैदराबाद शाखेचा पत्ता दिला. शुश्रूषा करणाऱ्यांच्या बैठकीस पत्नी गेली. तेथे औषध मिळाले नाही. 'हे तुमचेच घर आहे' असा वाद घालू नका, चार पावले फिरवून आणा, एवढे मात्र कळले. त्या दिवसापासून आम्ही आईला संध्याकाळी नयापुलापर्यंत नेऊ लागलो. परत आल्यावर उंबऱ्याशी ती म्हणे, "आलं बाई घर."

अशी माहिती आणखीही आहे. २००७ च्या कायद्यानुसार निर्वाहखर्चासाठी ज्येष्ठाला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्याच्या संमतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळविण्याची तरतूदही त्यात आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. मात्र ते रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी. रात्री दोनदा उठणाऱ्या सुनेच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंच आपण पाहिली असेल. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरात तिच्यावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. दृष्टान्त थोडा ओढून आणलेला आहे, हे मला मान्य आहे. पण ते झाड हाताशी होते म्हणून उपयोगी पडले. ज्यांची मुले अमेरिकेत किंवा पुण्यात आहेत, अशा आपल्या अनेक सभासदांच्या हाताशी हे ग्रंथालयच आहे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. देवघेवीच्या टेबलावर एक मराठी नोंदवही असावी. घरी येऊन तपासणारे डॉक्टर कोण, अर्ज कोठे द्यायचा, दिवसभर सांभाळणारी केंद्रे कोणती, हे तीत लिहावे. फोन लावून खात्री केल्याविना नोंद करू नये आणि दर तीन महिन्यांनी ती तपासावी; जुना पत्ता म्हाताऱ्या माणसाला उन्हात फुकट हिंडवतो. आणि कोणत्याही फोनवर सहजी मिळत नाही ते आपण द्यावे: मराठी बोलणारा, आठवड्यातून दोन तास शेजारी बसून वाचून दाखवणारा माणूस. तेवढ्या वेळात घरची बाई निदान डोळा तरी मिटील.

वहीचे पहिले पान मी भरून आणले आहे. दुसऱ्या पानावर 'दोन तास देऊ शकणारे' असा मथळा घातला आहे. त्याखाली अद्याप एकच नाव आहे, माझ्या पत्नीचे. सभा संपताच वही टेबलावर ठेवीत आहे. पेनही तेथेच आहे.