मुदत नसलेली कैद

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



धोकादायक गुन्हेगारापासून समाजाचे रक्षण झाले पाहिजे, याविषयी आपल्यात दुमत नाही. गुंडगिरीची झळ बंगल्यातल्या माणसापेक्षा वाडीवस्तीवरच्या माणसालाच अधिक बसते. प्रश्न एवढाच की, एखाद्याला किती काळ डांबावयाचे हे कोणी आणि कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे?

मुदत नसलेली कैद या गावाने जवळून पाहिली आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणले. खटला नाही, मुदत नाही. १९१६ साली येथेच त्याचा अंत झाला. सावरकरांच्या राजकारणाशी आपला विरोध आहे. तरीही १९२४ साली त्यांच्यावर लादलेली पाच वर्षांची स्थानबद्धता सरकारने वाढवीत १९३७ पर्यंत नेली, हे आपण विसरता कामा नये. धोका टळलेला नाही असे सत्तेने म्हणावे आणि मुदत पुढे सरकावी, हाच तो न्याय!

हे राजकीय कैदी झाले. पण सामान्य गुन्हेगाराची स्थितीही फारशी निराळी नाही. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे हा लोकभ्रम आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य, आणि सूट देणे सरकारच्या हाती, असे सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे प्रकरणात १९६१ साली स्पष्ट केले. १९७८ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांना चौदा वर्षांची किमान मर्यादा घातली. कमाल मर्यादा घातली नाही.

या सरकारी मर्जीने समाजाचे रक्षण तरी होते काय? बिल्किस बानो खटल्यातील अकरा जन्मठेपी गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये सोडले. खटला मुंबईत चालला होता. तेव्हा हा अधिकार महाराष्ट्राचा, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली. ज्याला वाली असतो त्याच्यासाठी मर्जी दार उघडते. ज्याला नसतो तो अर्जाच्या उत्तराची वाट पाहत म्हातारा होतो.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक जन्मठेपीचा ठरावीक काळाने न्यायाधीशापुढे फेरविचार व्हावा; पीडितांचे म्हणणे ऐकले जावे; सुटका असो वा नकार, कारणे लेखी मिळावीत. धोका असेल तर तो पुराव्याने सिद्ध करावा. आणि आपल्या तालुक्यात ज्या घरातील माणूस जन्मठेप भोगत आहे, त्या घराचा अर्ज लिहून देण्यास कार्यकर्त्यांनी उद्यापासून बसावे. जे पीडित आहेत, त्यांच्याही दारी जावे. न्याय दोघांचाही आहे.