घरगुती साबण आणि तराजू

(ग्रामसेवक, शिक्षक व महिला मंडळांच्या सभासदांसाठी भरलेल्या प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



परसात पाच-दहा माड असलेले घर गोव्याच्या खेड्यांत विरळा नाही. खोबरे वाळवून घाण्यावरून तेल काढून आणले, की स्वयंपाकाला व केसांना लागेल तेवढे वापरले जाते. उरलेले डब्यात राहते आणि पावसाळ्याअखेर खवट होऊ लागते. या तेलाचा साबण करता येतो. तेल किंचित खवट असले तरी कपड्यांसाठी तो उपयोगी पडतो. खोबरेल तेलाच्या साबणाला खारट पाण्यातही फेस येतो, हा त्याचा विशेष गुण होय. खाडीकाठच्या ज्या वाड्यांत उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात, तेथील गृहिणींना या गुणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

थोडाच साबण करावयाचा असेल तर मोजमाप काटेकोर नसले तरी चालते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दहा किलो तेलाचा साबण करताना कॉस्टिक सोडा दहा ग्रॅम अधिक पडला, तर ती चूक शेकडा एकापेक्षाही कमी ठरते. एक किलो तेलात तेच दहा ग्रॅम शेकडा पाचांहून अधिक, आणि अर्ध्या किलोत अकराच्या आसपास! कारखान्यात जी चूक पचते, ती घरच्या पातेल्यात पचत नाही. यास्तव एका ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा काटा हेच या उद्योगाचे पहिले साधन समजावे. वाटी, पेला अथवा मूठ ही मापे येथे सर्वथा त्याज्य होत.

यामागील कारण शिक्षकवर्गास परिचित आहे. तेल व कॉस्टिक सोडा यांचा संयोग होऊन साबण व ग्लिसरिन तयार होते. तेले व चरबी यांची ही घटना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी आपल्या १८२३ सालच्या ग्रंथात उलगडून दाखविली. मात्र प्रत्येक तेलाची सोड्याची गरज निराळी असते. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम, शेंगदाण्याच्या तेलाला सुमारे १३६ ग्रॅम, तर एरंडेलाला सुमारे १२८ ग्रॅम सोडा पूर्णपणे पचतो. खोबरेलाचे माप शेंगदाण्याच्या तेलाला लावले, तर जवळजवळ ४५ ग्रॅम सोडा मोकळाच राहील आणि असा साबण हातांची सालटी काढील. म्हणून शेजारणीकडून कृती घेताना प्रथम तेल कोणते, हे विचारावे. धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा हे पदार्थही वेगळे आहेत. ते कॉस्टिक सोड्याच्या जागी चालत नाहीत.

थोडे तेल मोकळे राहू देणे हिताचे असते. एक किलो खोबरेल तेलास कपड्यांच्या साबणासाठी १७५ ग्रॅम व अंगाच्या साबणासाठी १५५ ग्रॅम सोडा घ्यावा. निव्वळ खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो. ते टाळावयाचे असल्यास ७०० ग्रॅम खोबरेल, २०० ग्रॅम शेंगदाण्याचे तेल व १०० ग्रॅम एरंडेल या मिश्रणास १६० ग्रॅम सोडा पुरतो. पाणी तिन्ही प्रकारांत सुमारे ३५० ग्रॅम, तेही तोलूनच घ्यावे.

सोडा पाण्यात हळूहळू सोडावा. पाणी सोड्यावर कदापि ओतू नये, ते उसळून अंगावर येते. नुसत्या मिश्रणानेच पाणी कढत होते आणि त्याच्या वाफा घशाला झोंबतात, म्हणून हे काम उघड्या पडवीत करावे. रबरी हातमोजे व चष्मा यांवाचून हात लावू नये. ॲल्युमिनियमचे टोप बहुतेक घरांत असतात, पण सोडा तो धातू खातो व त्यातून पेट घेणारा वायू सुटतो. भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

दोन्ही द्रव कोमट झाल्यावर सोड्याचे पाणी तेलात ओतून रवीने घुसळावे. कधी अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. रवी उचलून सोडलेली धार क्षणभर रेघ उमटवून राहू लागली, की मिश्रण कागद लावलेल्या लाकडी पेटीत ओतावे. खोबरेलाचा साबण लवकर घट्ट होतो. तो खरवसासारखा झाला की त्याच दिवशी हातमोजे घालून वड्या पाडाव्या. दुसऱ्या दिवशी सुरीखाली तो फुटतो. पुढे चार ते सहा आठवडे वड्या हवेशीर सावलीत सुटसुटीत मांडून ठेवाव्या. पावसाळ्यात त्यांना पाणी सुटते, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस या कामास उत्तम. शाळेत फिनॉल्फ्थॅलिन असल्यास ओलसर कापावर एक थेंब टाकून पाहावा. रंग गडद गुलाबी आला तर ती वडी अंगास लावू नये.

हळद, कडुनिंब इत्यादी घालण्याची हौस अनेकांना असते. सोड्याच्या संगतीत हळद पिवळी राहत नाही, लालसर होते. त्यात नवल नाही, कुंकूही अशाच रीतीने होते. परंतु एवढ्यावरून साबणाला औषधी म्हणणे योग्य नव्हे.

सर्वांत मोठा धोका साबण झाल्यानंतर फडताळात उरतो. कॉस्टिक सोड्याच्या पांढऱ्या कपच्या लहान मुलास खडीसाखरेसारख्या वाटतात आणि गिळल्यास अन्ननलिका जळते. खाद्यपदार्थाच्या बरणीत तो कधीही ठेवू नये. घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यात घालून कुलपात ठेवावा. झाकण घट्ट हवे याला आणखी एक कारण आहे: हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून सोडा मंद होतो आणि मग तराजू बरोबर असूनही माप चुकते. सोडा अंगावर अथवा डोळ्यांत गेल्यास तो भाग निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. लिंबू वा व्हिनेगर चोळू नये. डोळ्यांत गेला असल्यास त्यानंतर तातडीने रुग्णालय गाठावे. पोटात गेल्यास उलटी न करविता थेट रुग्णालयात न्यावे.

घरच्या वापरापुरता साबण करण्यास कोणाची हरकत नाही. महिला मंडळास अंगाचा साबण विकावयाचा असेल, तर मात्र औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याखालील परवाना लागतो. त्यासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, पहिली वडी बाजारात नेण्यापूर्वी, अर्ज करावयाचा असतो.